एका घरात पाच उच्चार: ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’चं प्रकरण

डिसेंबर 2005 मध्ये रॉब मार्शल दिग्दर्शित ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. कथानक पूर्णपणे जपानमधलं. गेशा म्हणजे नाच, वाद्य आणि संभाषण यांनी पाहुण्यांचं मन रमवणारी व्यावसायिक कलावंत. समुद्रकाठच्या गावातली एक गरीब मुलगी गेशांच्या घरात विकली जाते, तिथे वाढते, नामांकित गेशा होते आणि मग महायुद्ध ते सगळं जग मोडून टाकतं. नायिका सायुरीचं काम केलं चीनच्या झांग झियीने. तिचा दुस्वास करणारी हात्सुमोमो झाली गाँग ली, तीही चीनचीच. सायुरीला घडवणारी मामेहा झाली मलेशियाची मिशेल योह. संवाद इंग्रजीत.

या चित्रपटावर तेव्हा आणि नंतर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं एकाच प्रश्नाभोवती फिरलं: जपानी गेशा चिनी अभिनेत्रींनी का रंगवाव्यात? प्रश्न रास्त आहे. पण प्रकरण उलगडत मागे गेलं की लक्षात येतं, पात्रनिवड हा इथला दुसरा निर्णय होता. पहिला भाषेचा. तो एकदा झाल्यावर पुढचं बरंच काही आपोआप ठरत गेलं, आणि नेमक्या त्या पहिल्या निर्णयाबद्दल फारच कमी बोललं गेलं. जपानवरचे हॉलिवूडपट मी वर्षानुवर्षं आवडीने पाहत आलो आहे आणि त्या सगळ्यांत हे प्रकरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं, कारण इथे हेतू वाईट नव्हता, पैसा कमी नव्हता, कलावंत कच्चे नव्हते.

कादंबरीने काय केलं होतं

आर्थर गोल्डन या अमेरिकी लेखकाची मूळ कादंबरी 1997 मध्ये आली आणि प्रचंड खपली. क्योतोतल्या गिओन या गेशांच्या वस्तीची ती कहाणी सायुरीच्याच तोंडून, प्रथमपुरुषी सांगितलेली आहे. साहजिकच गोल्डन यांच्यासमोर प्रश्न होता की ही बाई इंग्रजीत कशी बोलेल? त्यांनी पुस्तकाच्या आरंभी एका काल्पनिक प्राध्यापकाचं टिपण घातलं. वृद्ध सायुरी न्यूयॉर्कमध्ये राहते, तिने आपली हकीकत जपानीत सांगितली, प्राध्यापकांनी ती ध्वनिमुद्रित करून इंग्रजीत आणली, अशी ती योजना. त्यामुळे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं की आपण ऐकतोय तो सायुरीचा थेट आवाज नव्हे. मध्ये कुणीतरी बसलेलं आहे.

चित्रपटाने हा प्राध्यापक काढून टाकला. म्हाताऱ्या सायुरीचं निवेदन राहिलं, पण तेही सरळ इंग्रजीत. कागदावर वाचताना आपण मनातल्या मनात जपानी आवाज कल्पू शकतो. पडद्यावर ती सोय नसते. तिथे ओठ हलताना दिसतात आणि त्यांतून इंग्रजी शब्द बाहेर पडतात.

पुस्तकाचा इतिहासही सरळ नव्हता. गोल्डन यांनी ज्यांच्याकडून गेशांच्या जगाची माहिती घेतली त्या मिनेको इवासाकी या गिओनच्या निवृत्त गेशा. पुस्तकात त्यांचं नाव छापून आभार मानले गेले. नाव गुप्त ठेवण्याचा शब्द मोडला आणि आपल्या व्यवसायाचं चुकीचं चित्र रंगवलं, असं म्हणत त्यांनी 2001 मध्ये दावा लावला. 2003 मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. म्हणजे चित्रपट उभा राहण्याआधीच ‘ही गोष्ट नक्की कुणाची आणि ती सांगायची कुणी’ हा प्रश्न जपानी बाजूने मोठ्याने विचारून झाला होता.

आधी दिग्दर्शन स्वतः स्टीव्हन स्पीलबर्ग करणार होते. अखेर ते निर्मात्यांपैकी एक राहिले आणि दिग्दर्शन ‘शिकागो’ या चित्रपटाच्या यशानंतर मार्शल यांच्याकडे आलं. खर्च सुमारे 8.5 कोटी डॉलर. गेशांची वस्ती कॅलिफोर्नियात थाउझंड ओक्सजवळ उभारली, काही दृश्यं क्योतोत घेतली. फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींमधून छोटी मुलगी धावत जाते ते दृश्य तिथलंच. सल्लागार म्हणून लिझा डाल्बी होत्या. या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात स्वतः क्योतोच्या गेशांमध्ये राहून ती विद्या शिकल्या होत्या. तपशिलांची काळजी घेतली गेली नाही, असं म्हणता येणार नाही. किमोनो, केशरचना, लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, पावसात चमकणारी कौलं यांवर कष्ट घेतलेले दिसतात. ऑस्करमध्ये छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा अशी तीन बक्षिसं मिळाली. तिन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची.

इंग्रजीने काय नेलं

गेशांचं जग भाषेवर उभं आहे. नाच आणि शामिसेन हे वाद्य शिकावं लागतं, तसं बोलणंही शिकावं लागतं. बाहेरगावची मुलगी क्योतोत आली की आधी तिची गावाकडची बोली सुटते आणि वस्तीची मृदू, वळणावळणाची बोली तिच्या जिभेवर बसवली जाते. ती बोली हीच तिची ओळख, तीच तिची किंमत. पाहुण्याशी कसं बोलायचं, घरमालकिणीशी कसं, आपल्याहून एका वर्षाने मोठ्या मुलीशी कसं, याच्या पायऱ्या पक्क्या आहेत.

हे मराठी वाचकाला फोड करून सांगावं लागत नाही. ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आणि ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर जाताना नात्यात काय घडतं हे आपल्याला कानानेच कळतं. एखाद्या घरात मोठ्या जावेला कालपर्यंत ‘अहो ताई’ म्हणणारी धाकटी आज ‘अगं’ म्हणाली, तर घरातल्या प्रत्येकाचे कान टवकारतात. गेशांच्या घरातली नातीही अशीच. घर चालवणारी ती आई. जिच्या हाताखाली शिकायचं ती थोरली बहीण. हे बहिणीचं नातं साके या तांदळाच्या मद्याच्या प्याल्यांची देवाणघेवाण करून, विधीपूर्वक जोडलं जातं. हात्सुमोमो आणि सायुरी यांचं वैर, मामेहाचं सायुरीला पदराखाली घेणं, पंपकिन या मैत्रिणीचं कालांतराने कडवट होणं, हे सगळं जपानीत क्रियापदांच्या शेवटांमध्ये घडलं असतं. कोण कधी आदर सोडतं, कोण कधी मुद्दाम जास्त आदर दाखवून टोचतं, हे तिथे ऐकू आलं असतं.

इंग्रजीला ही चढउतार दाखवायला व्याकरण नाही. मग पटकथेने पर्याय शोधला तो निसर्गाच्या रूपकांचा. पाणी, लाकूड, नदी, फुलं. सायुरीच्या डोळ्यांत पाणी आहे, पाणी आपली वाट शोधून काढतं, या चालीची वाक्यं चित्रपटभर येतात. ती पुस्तकातही आहेत, पण तिथे सायुरीच्या रोखठोक, बारीक निरीक्षणं टिपणाऱ्या निवेदनात मिसळून जातात. पडद्यावर मात्र प्रत्येक जण सुविचार बोलतो असं वाटू लागतं. व्यवहार, भाडं, कर्ज, मत्सर यांनी भरलेलं एक धंद्याचं घर हळूहळू गूढ होत जातं. गूढता ही तिथल्या माणसांची गरज नव्हती. इंग्रजी संवाद जपानी वाटावेत म्हणून ती वरून शिंपडावी लागली.

आता उच्चार. सायुरी वाढते त्या घरात पाच बायका महत्त्वाच्या. आई झाली काओरी मोमोई, जपानी. मावशी झाली त्साई चिन, शांघायमध्ये वाढलेली आणि लंडनमध्ये नाट्यशिक्षण घेतलेली. हात्सुमोमो म्हणजे गाँग ली, जिच्या इंग्रजीवर मँडरिन या चिनी भाषेची छाप. पंपकिन झाली युकी कुडो, जपानी असूनही इंग्रजीत सहज वावरणारी. आणि सायुरी लहानपणी सुझुका ओहगो ही जपानी मुलगी, मोठेपणी झांग झियी. म्हणजे एकच व्यक्ती वयात येताना जपानी वळणाचं इंग्रजी टाकून चिनी वळणाचं इंग्रजी बोलू लागते. बाहेरून येऊन शिकवायला लागणारी मामेहा, म्हणजे मिशेल योह, आणखी निराळ्या, ब्रिटिश मुरलेल्या ढबीत बोलते. सगळ्यांना एकाच सुरात बोलायला शिकवणं हेच ज्या घराचं काम, त्या घरात कुणाचाच सूर कुणाशी जुळत नाही.

झांग झियीला चित्रीकरणापूर्वी इंग्रजी फारसं येत नव्हतं. ती शिकली, आणि तिच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण अनोळखी भाषेत नीट शब्द उच्चारण्यातच अभिनेत्रीचं अर्धं लक्ष जातं. चिनी चित्रपटांत तिच्या नुसत्या एका तुटक उत्तरात जी धार असते ती इथे नाही. गाँग ली मात्र तगते. शब्दांवर मदार न ठेवता ती मानेच्या, खांद्यांच्या हालचालीवर, धूर सोडण्यावर हात्सुमोमो उभी करते. चित्रपटात मला खरी वाटलेली व्यक्ती तीच.

जाता जाता नाचाबद्दलही सांगायला हवं. सायुरीचं पदार्पण म्हणजे कृत्रिम बर्फवृष्टीत, उंच पादत्राणं घालून, केस मोकळे सोडून केलेला एकटीचा नाच. गिओनच्या गेशा इनोउए घराण्याची शैली नाचतात. 1872 पासून चालत आलेल्या त्यांच्या वसंतातल्या ‘मियाको ओदोरी’मध्ये ती आजही पाहायला मिळते. अतिशय संयत, जवळजवळ स्थिर, मनगटाच्या वळणात अर्थ ठेवणारी. चित्रपटातला नाच ब्रॉडवेच्या रंगमंचावर शोभला असता.

पात्रनिवडीचा युक्तिवाद

निर्मात्यांची बाजू समजून घ्यायला हवी. मार्शल यांचं म्हणणं होतं की प्रत्येक भूमिकेसाठी सर्वांत योग्य कलावंत निवडला, राष्ट्रीयत्व बघितलं नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणं, हे तत्त्व मला मान्य आहे. चिनी अभिनेत्रीने जपानी स्त्री रंगवणं यात मुळात काही चुकीचं नाही.

अडचण वेगळीकडे आहे. पुरुषांच्या दोन मोठ्या भूमिकांसाठी, चेअरमन आणि नोबु, केन वातानाबे आणि कोजी याकुशो हे जपानी नट मिळाले. मुख्य तीन स्त्रियांसाठी एकही जपानी अभिनेत्री मिळाली नाही. इंग्रजीत काम करू शकणाऱ्या जपानी अभिनेत्री नव्हत्या असं म्हणावं, तर युकी कुडो संचातच होती, 1989 पासून अमेरिकी चित्रपटांत दिसलेली. तिला दुय्यम भूमिका मिळाली. खरं कारण साधं आहे. साडेआठ कोटी डॉलर गुंतवले की जगभर ओळखीचे चेहरे लागतात, आणि 2005 साली आशियाई स्त्रियांमध्ये तसे चेहरे या तिघी होत्या.

पण या तिघींपैकी झांग झियी अमेरिकेत ओळखीची झाली कशामुळे? ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मुळे. 2000 सालचा तो चित्रपट संपूर्ण मँडरिनमध्ये होता आणि सबटायटल्ससह त्याने एकट्या अमेरिकेत 12 कोटी 80 लाख डॉलर कमावले. ‘मेमॉयर्स’ने इंग्रजीत असूनही तिथे सुमारे 5 कोटी 70 लाख कमावले, जगभरात सुमारे 16 कोटी 20 लाख. अमेरिकी प्रेक्षक पडद्याखालच्या ओळी वाचणार नाही या भीतीने इंग्रजी निवडलं आणि नायिका म्हणून जी निवडली, ती पडद्याखालच्या ओळी वाचणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकांनीच मोठी केलेली होती. पाच वर्षांपूर्वीचा हा पुरावा समोर असताना तो कुणी मोजला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि त्या चित्रपटातही उच्चारांचा प्रश्न होताच. मिशेल योहला मँडरिन येत नव्हती, तिने संवाद ध्वनीवरून पाठ केले. पाश्चात्त्य प्रेक्षकाला ते जाणवलं नाही, चिनी प्रेक्षकाला खटकलं. आपली भाषा पडद्यावर आली की प्रेक्षक किती बारकाईने ऐकतो, हेही तेव्हाच कळलं होतं.

दोन्ही तीरांवरून

जपानमध्ये चित्रपट ‘सायुरी’ या नावाने लागला. तिथे नाराजी होती, पण ती बऱ्याच अंशी अलिप्ततेच्या रूपाने. पोशाख सुंदर, बाकी हे आपलं नाही, असा सूर.

चीनमधली प्रतिक्रिया फार तीव्र होती. 2005 च्या एप्रिलमध्ये युद्धातले अत्याचार सौम्य करून सांगणाऱ्या जपानी पाठ्यपुस्तकांवरून बीजिंग आणि शांघायमध्ये मोठी निदर्शनं झाली होती. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान कोइझुमी पुन्हा यासुकुनी मंदिरात गेले, जिथे युद्धगुन्हेगार ठरलेल्यांचंही स्मरण केलं जातं. 1937 च्या नानजिंग हत्याकांडाची आणि जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांची आठवण चीनमध्ये कधीच विझलेली नाही. अशा वेळी देशाची सर्वांत नावाजलेली तरुण अभिनेत्री गेशा म्हणून जपानी पुरुषासमोर, आणि तीही नेमकी त्या 1930-40 च्या दशकांत! गेशा म्हणजे वेश्या, असा समज चीनमध्ये सर्रास असल्याने इंटरनेटवर झांग झियीवर अत्यंत गलिच्छ शब्दांत हल्ले झाले. 2006 च्या सुरुवातीला चीनमधलं ठरलेलं प्रदर्शन रद्द झालं.

मला या भागाचा सगळ्यात राग येतो. हॉलिवूडला चिनी आणि जपानी चेहरे अदलाबदल करण्याजोगे वाटले. त्या दोन देशांमधल्या इतिहासाने मात्र ते तसे नाहीत हे दाखवून दिलं, आणि त्याची किंमत निर्णय घेणाऱ्या कुणीही मोजली नाही, एका पंचविशीतल्या मुलीने मोजली.

एका वर्षानंतर

डिसेंबर 2006 मध्ये क्लिंट ईस्टवुड यांचा ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ आला. 1945 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या ज्वालामुखीच्या बेटावर लढून मेलेल्या जपानी सैनिकांची गोष्ट. ईस्टवुडना जपानी येत नाही. आयरिस यामाशिता या जपानी वंशाच्या अमेरिकी लेखिकेने पटकथा इंग्रजीत लिहिली, मग ती जपानीत आणली गेली. चित्रीकरणही मुख्यतः कॅलिफोर्नियात झालं. अमेरिकी स्टुडिओ, अमेरिकी दिग्दर्शक, जवळपास तसाच सगळा थाट. फरक एवढाच की संवाद जपानी ठेवायचे हे ठरलं.

ते ठरल्याक्षणी पात्रनिवडीचा वाद उरलाच नाही. जनरल कुरिबायाशींच्या भूमिकेत पुन्हा केन वातानाबे, बेकरीवाला सैनिक सायगो म्हणून ‘आराशी’ या गायकसंचातला काझुनारी निनोमिया. खर्च सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलर, म्हणजे ‘मेमॉयर्स’च्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. कमी पैशांमुळे जगभर ओळखीचे चेहरे लागले नाहीत आणि भाषेचं धाडस परवडलं. अमेरिकेत त्याची कमाई बेताचीच झाली, पण जपानमध्ये तिच्या तिप्पट. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार नामांकनं.

या चित्रपटात इंग्रजीही आहे आणि ती जिथे आहे तिथे तिला काम आहे. कुरिबायाशी तरुणपणी अमेरिकेत राहिलेले, म्हणून त्यांच्या आठवणींत ती येते. बॅरन निशी हे 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत सुवर्णपदक जिंकलेले. गुहेत एक जखमी अमेरिकी सैनिक सापडतो, निशी त्याच्याशी इंग्रजीत बोलतात. तो मरतो, मग त्याच्या आईचं पत्र निशी आपल्या माणसांना जपानीत वाचून दाखवतात. साध्या घरगुती गोष्टी, काळजी घे, सुखरूप परत ये. ऐकता ऐकता जपानी सैनिक एकेक करून उठून उभे राहतात. शत्रूची आई आपल्या आईसारखंच बोलते हे त्यांना कळतं, कारण भाषेची भिंत त्यांच्यासमोर ओलांडली गेली. सगळे इंग्रजीच बोलत असते, तर या दृश्याला अर्थच राहिला नसता.

आपल्याकडचा एक दाखला

इंग्रजी हा नेहमीच गुन्हा असतो असं मात्र मी म्हणणार नाही. 1982 च्या ‘गांधी’मध्ये गांधी आणि कस्तुरबा एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. कस्तुरबा आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी होत्या आणि त्या कामासाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते इंग्रजी आपल्याला फारसं टोचत नाही, कारण आजूबाजूचे बहुतेक भारतीय चेहरे भारतीय होते आणि त्यांचं इंग्रजी एकाच मुलखातलं वाटत होतं. पडद्यावर एक संकेत ठरला आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला. शिवाय त्या कथेत इंग्रजी ही सत्तेची भाषा म्हणून आधीच हजर होती. ‘मेमॉयर्स’मध्ये इंग्रजीला कथेत येण्याचं कारण मिळतं ते शेवटाकडे, अमेरिकी सैन्य जपानमध्ये उतरल्यावर. सायुरी अमेरिकी कर्नलशी बोलते तेव्हा ती खरोखर परकी भाषा बोलत असायला हवी. पण तोवर दोन तास सगळेच तीच बोलत आलेले असतात, त्यामुळे जेत्यांची भाषा घरात शिरल्याचा धक्का चित्रपटाला देताच येत नाही. युद्धाने सायुरीचं जग मोडलं हे कपड्यांवरून आणि पडक्या भिंतींवरून कळतं, कानाला कळत नाही.

पुढे

2024 ची ‘शोगन’ ही जपानमध्ये घडणारी दहा भागांची मालिका याच रांगेतली. ती दूरचित्रवाणीसाठी बनली आणि कॅनडात चित्रित झाली. तिच्यातले सुमारे 70 टक्के संवाद जपानी आहेत. पटकथा इंग्रजीत लिहिली, तिचं जपानी भाषांतर झालं, मग ऐतिहासिक नाटकांच्या भाषेत मुरलेल्या जपानी लेखणीने ते घोटलं आणि त्या घोटलेल्या जपानीवरून इंग्रजी सबटायटल्स नव्याने तयार केली. हिरोयुकी सानादा प्रमुख नट तर होतेच, निर्मातेही होते. पोशाख, चाल, बसणं, बोलणं यांत चूक दिसली तर थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. ‘मेमॉयर्स’मध्ये सल्लागार होते, असा अधिकार असलेला जपानी माणूस नव्हता. मालिकेच्या पहिल्या पर्वाला 18 एमी, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार, मिळाले आणि तीत पैसाही भरपूर ओतलेला होता, त्यामुळे मोठ्या खर्चाला इंग्रजीच लागते हा जुना हिशेब आता मांडता येणार नाही.

तरी एक संकेत तिथेही आहे. इंग्रज खलाशी आणि जपानी मारिको यांच्यातलं पोर्तुगीज आपल्याला इंग्रजीत ऐकवलं जातं. पण मारिको दुभाषी आहे, आणि ती खलाशाचे उद्धट शब्द जपानी सरदार तोरानागापर्यंत नेताना कुठे मऊ करते, कुठे वगळते, हे दोन्ही भाषा ऐकू येत असल्यामुळे प्रेक्षक स्वतः ताडून पाहू शकतो. मारिको झालेल्या अॅना सावाईने तो क्षणभराचा विचार, बोलण्याआधीचा, फार नेमका पकडला आहे.